माळ्यावरची फ्रेम आणि डच मच्छीमारांचा चित्रकार

मागच्या पावसाळ्यात मंडळातल्या एका काकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम वाचनालयात आणून ठेवली. दांडिया बाजारातला त्यांचा जुना वाडा विकला गेला होता आणि माळा रिकामा करायचा होता. "हे येशूचं चित्र आहे. मामंजींच्या खोलीत असायचं. आपल्याकडे कुणी ठेवायचं ते? पण रद्दीत टाकवत नाही. तुम्ही चित्रकलेचे मास्तर, तुम्हीच बघा काय करायचं ते," असे म्हणून त्या गेल्या.

कागद सोडला. काच धुरकट, लाकडाला कसर लागलेली, पण आतले चित्र बरे होते. तपकिरी शाईत छापलेले, वीतभर उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद. काही माणसे एका निपचित पडलेल्या माणसाला उचलून नेत आहेत. त्यांच्यापुढे एक बाई मुलांना घेऊन मान खाली घालून चालली आहे. काकूंच्या घरच्यांचा समज का झाला ते लगेच कळले. क्रुसावरून उतरवलेल्या येशूला नेतानाची युरोपीय चित्रे अशाच मांडणीची असतात. पण इथे कुणाच्या डोक्यामागे तेजोवलय नव्हते. माणसांच्या अंगावर जाडेभरडे कपडे होते आणि मागे, धूसर आभाळाखाली, समुद्र होता. खालच्या कोऱ्या पट्टीवर पुसट अक्षरांत एक नाव होते : योझेफ इस्राएल्स.

तो येशू नव्हता, समुद्रात बुडालेला एक मच्छीमार होता. त्या घराने साठ-सत्तर वर्षे त्याला नमस्कार केला आणि तो कोण हे कुणालाच ठाऊक नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा फ्रेमा आहेत. जुने वाडे जाऊन फ्लॅट येत आहेत आणि माळे रिकामे होत आहेत. म्हणून या चित्रकाराबद्दल, त्याच्या छापील चित्रांबद्दल आणि अशी फ्रेम हाती आली तर काय पाहावे याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

ग्रोनिंगेनचा मुलगा

योझेफ इस्राएल्स यांचा जन्म २७ जानेवारी १८२४ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा दलालीचा व्यवसाय होता आणि मुलाने त्यात लक्ष घालावे अशी घरच्यांची अपेक्षा होती. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. १८४२ मध्ये ते अॅमस्टरडॅमला यान आडाम क्रुसेमान या चित्रकाराकडे शिकायला गेले आणि १८४५ मध्ये पॅरिसला फ्रान्स्वा-एदुआर पिको यांच्या चित्रशाळेत दाखल झाले.

त्या काळी मोठा चित्रकार म्हणजे इतिहासातले प्रसंग रंगवणारा चित्रकार अशी समजूत होती. राजे, सेनापती, धर्मग्रंथांतल्या कथा. परतल्यावर इस्राएल्स यांनीही तेच केले. चित्रे वाईट नव्हती, पण अशी चित्रे काढणारे डझनभर लोक होते.

१८५५ मध्ये त्यांची प्रकृती बिघडली. हवापालटासाठी ते हार्लेम शहराजवळच्या झांडफोर्ट या समुद्रकाठच्या खेड्यात गेले आणि तिथे एका जहाजसुताराच्या घरी राहिले. आज झांडफोर्ट म्हणजे पर्यटकांची चौपाटी आणि मोटारींच्या शर्यतींचे गाव. तेव्हा तिथे रेल्वेही पोचली नव्हती. वाळूच्या टेकड्या, बसकी घरे, जाळी आणि मासळीचा वास एवढेच होते. इतिहासातली माणसे पोशाख भाड्याने आणून रंगवावी लागत. इथली माणसे समोर चालत होती. शेजारच्या घरात कुणाचा तरी नवरा परतला नाही ही बातमी जेवताना कानावर येत होती.

तिथून परतल्यावर १८५६ मध्ये त्यांनी 'आईच्या थडग्याजवळून' हे चित्र काढले. एक मच्छीमार, कडेवर तान्हे मूल, दुसऱ्या हाताला धरलेला मुलगा. तिघे थडग्याजवळून चालले आहेत. बाप थांबलेला नाही. थांबायला वेळ नाही, कामावर जायचे आहे. चित्र जवळजवळ अडीच मीटर उंच आहे. एवढा मोठा कॅनव्हास तोवर राजेरजवाड्यांसाठी राखलेला असे. तो त्यांनी एका अनवाणी विधुराला दिला. आज हे चित्र अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमकडे आहे आणि त्यावरून केलेले कांस्यशिल्प ग्रोनिंगेनमध्ये हेरेप्लेन या चौकात उभे आहे.

बुडालेला माणूस

काकूंच्या फ्रेममधले चित्र त्यानंतरचे, १८६१ च्या सुमाराचे. 'बुडालेल्या माणसाला नेणारे मच्छीमार' असे त्याचे नाव सांगता येईल. ते १८६१ मध्ये पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, आणि १८६२ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडले गेले. इस्राएल्स यांचे नाव देशाबाहेर गेले ते या चित्रामुळे. आज मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते सुमारे १२९ सेंटिमीटर उंच आणि २४४ सेंटिमीटर रुंद आहे. आपल्या दिवाणखान्यातल्या सोफ्यामागची अख्खी भिंत त्याने भरेल.

या चित्रात वादळ नाही, फुटलेले गलबत नाही, छाती पिटणारे कुणी नाही. जे व्हायचे ते होऊन गेले आहे. उरले आहे ते फक्त प्रेत घरापर्यंत नेणे. सगळे एकाच दिशेने, एकाच गतीने चालतात. रंग राखाडी आणि तपकिरी. पुढे चाललेल्या बाईच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या वाकलेल्या पाठीकडे आपले लक्ष जाते. येशूच्या अंत्ययात्रेची मांडणी इस्राएल्स यांनी नकळत घेतलेली नाही. ती युरोपातल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या ओळखीची होती. नावगाव नसलेल्या एका मच्छीमाराच्या मृत्यूलाही तेवढेच स्थान द्यावे, असेच ते चित्र सांगते. म्हणजे काकूंच्या घरच्यांचा समज चुकीचा होता, पण अगदीच अवास्तव नव्हता.

किनाऱ्यावरचे जगणे

हे दुःख चित्रकाराने कल्पनेने रंगवले होते का? तर नाही. हॉलंडच्या या किनाऱ्यावर तेव्हा बंदर नव्हते. झांडफोर्ट, काटवेक, हेग शहराला लागून असलेले स्खेवेनिंगेन, सगळीकडे नुसती सरळ वाळू. त्यामुळे होड्या रुंद आणि सपाट तळाच्या बांधत. भरतीबरोबर त्या किनाऱ्याला लागत, ओहोटीला वाळूवर बसत आणि घोडे लावून वर ओढल्या जात. अशी होडी वाळूवर बसायला चांगली, पण उंच लाटांत आणि उलट्या वाऱ्यात अवघड. उत्तर समुद्र उथळ आहे, तिथे लाटा लवकर उसळतात. होडी बुडाली की एकाच गल्लीतल्या तीन-चार घरांतले पुरुष एका रात्रीत जात, कारण बाप, भाऊ आणि मुलगा बहुधा एकाच होडीवर असत.

बायकांचे कामही कमी नव्हते. जाळी दुरुस्त करायची, मासळी निवडायची आणि टोपल्या पाठीवर घेऊन वाळूच्या टेकड्यांतून शहरात चालत जाऊन विकायची. झांडफोर्टच्या बायका हार्लेमला जात, स्खेवेनिंगेनच्या हेगला. आपल्या कोकण-गोव्याकडच्या वाचकांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

डिसेंबर १८९४ मधल्या वादळात स्खेवेनिंगेनच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांची मोठी हानी झाली. समुद्रात न जाताही होड्या गेल्या. त्यानंतर बंदराची मागणी जोर धरू लागली आणि १९०४ मध्ये तिथे बंदर झाले. इस्राएल्स यांचे आयुष्य बंदर नसलेल्या किनाऱ्याच्या शेवटच्या पन्नास वर्षांशी जुळते. १८७१ पासून ते हेगमध्येच राहत होते आणि १२ ऑगस्ट १९११ रोजी स्खेवेनिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची सगळीच चित्रे मृत्यूची नाहीत. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये १८७२ चे 'समुद्राची मुले' हे चित्र आहे. चार मुले उथळ पाण्यात खेळत आहेत, थोरल्याने धाकट्याला पाठुंगळी घेतले आहे आणि पाण्यात एक खेळण्यातली होडी आहे. पहिल्यांदा पाहताना गोड वाटते. मग लक्षात येते की ही मुले मोठी झाली की खरी होडीच त्यांच्या वाट्याला येणार आहे. थोरल्याच्या पाठीवरचे ओझे तर आताच सुरू झाले आहे. 'आईच्या थडग्याजवळून'मधला तो मुलगा आठवतो आणि हसू थोडे आवरते.

काळ्या शाईला मानवणारा चित्रकार

आता मूळ प्रश्न. लंडनमध्ये असलेले चित्र वडोदऱ्याच्या माळ्यावर कसे?

एकोणिसाव्या शतकात चित्र पाहायचे तर प्रदर्शनाला जावे लागे. ते ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी छापील प्रतिकृती हाच मार्ग होता. यात अनेक तऱ्हा होत्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे साप्ताहिकांत येणारी लाकडी ठशांची चित्रे. कोरणारा कारागीर मूळ चित्र पाहून कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर रेघारेघांनी ते कोरत असे. त्याहून महाग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरचे एचिंग. पत्र्याला मेणासारखा लेप देऊन त्यावर सुईने रेखाटायचे आणि मग तो आम्लात बुडवायचा. जिथे लेप खरवडला तिथे आम्ल पत्रा खाते, त्या खाचांत शाई भरते आणि दाबाखाली ती ओल्या कागदावर उतरते. फिलिप झिल्केन यांच्यासारखे डच एचिंगकार हेगच्या चित्रकारांची तैलचित्रे अशा रीतीने कागदावर आणण्यात तरबेज होते.

पुढे छायाचित्रण आले आणि फोटोग्रॅव्हुर निघाले. यात मूळ चित्राचा फोटो प्रकाशाला संवेदनशील अशा जिलेटिनच्या थरामार्फत तांब्याच्या पत्र्यावर उतरवतात. पत्र्यावर आधीच राळेची बारीक पूड बसवलेली असते, त्यामुळे छटा रेघांनी नव्हे तर अतिसूक्ष्म कणांनी तयार होतात. गडद ते फिके असे सगळे टप्पे मिळतात आणि तरीही छपाई शाईचीच असते, फोटोसारखी उडून जात नाही. काकूंची फ्रेम याच जातीची.

या व्यापारात पॅरिसच्या गूपिल कंपनीचे नाव मोठे होते. ती चित्रे विकत असे आणि चित्रांच्या प्रतिकृतीही. पॅरिसजवळ आस्निएर येथे तिचा स्वतःचा छापखाना होता आणि १८६१ पासून हेगमध्ये शाखा होती. उत्तम कागदावरच्या मोजक्या प्रती श्रीमंतांसाठी, साध्या कागदावरच्या शिक्षक-कारकुनांसाठी, असा हिशेब या धंद्यात सगळीकडेच असे.

इस्राएल्स यांची चित्रे या व्यवस्थेत विशेष चालली. त्याचे एक कारण गोष्ट. चित्र पाहताच काय घडले आहे ते कळते, शीर्षकाचीही फारशी गरज पडत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हेगच्या या चित्रकारमंडळींना गमतीने 'राखाडी संप्रदाय' म्हणत. इस्राएल्स रंगांपेक्षा उजेड-अंधारावर चित्र उभे करतात. खिडकीतून येणारा उजेड, चुलीजवळची ऊब, उरलेली खोली काळोखात. भडक लाल-निळ्या रंगांवर उभे असलेले चित्र एकाच शाईत छापले की त्याचा जीव जातो. इस्राएल्स यांचे चित्र एका शाईतही बरेचसे जगते.

त्यांना स्वतःलाही हे माध्यम परके नव्हते. ते स्वतः एचिंग करत. शिवाय १८६१ मध्येच डच कवी निकोलास बेट्स यांच्या कवितांसह त्यांच्या समुद्रकाठच्या चित्रांचे एक पुस्तक निघाले होते. तेव्हा ही चित्रे पुस्तकाच्या पानांतून घरोघर जाऊ शकतात हे त्यांना लवकरच कळले होते.

यातली एक विसंगती मात्र नजरेआड करू नये. या चित्रांचे मोठे ग्राहक इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतले धनिक होते. मच्छीमाराचे दुःख जाड सोनेरी चौकटीत गिरणीमालकाच्या दिवाणखान्यात टांगले गेले. ही चित्रे जरा जास्तच हळवी आहेत, अशी टीका पुढे झाली आणि पहिल्या महायुद्धानंतर रसिकांची आवड बदलल्यावर त्यांचे नाव मागे पडले. ज्यांची आयुष्ये त्या चित्रांत होती त्यांच्या बसक्या घरांत हे तैलचित्र जाणे शक्यच नव्हते. छापील प्रत मात्र एखाद्या शाळामास्तराच्या खोलीतही पोचू शकली.

छापील चित्रांवर वाढलेला मुलगा

छापील प्रतिकृती कमी प्रतीची असे समजणाऱ्यांनी एका माणसाची आठवण ठेवावी. १८६९ मध्ये गूपिलच्या हेग शाखेत सोळा वर्षांचा एक मुलगा नोकरीला लागला. पुढे तो लंडन आणि पॅरिसच्या शाखांतही होता. लंडनच्या शाखेत तेव्हा मुख्यतः छापील चित्रांचाच व्यवहार चाले. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. १८७४ च्या जानेवारीत भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या आवडत्या चित्रकारांची लांबलचक यादी दिली आहे. इस्राएल्स त्या यादीत आहेत.

व्हिन्सेंट पुढे स्वतः चित्रकार झाला तेव्हा त्याच्याकडे गुरू फारसे नव्हते. इंग्रजी साप्ताहिकांतली लाकडी ठशांची चित्रे कापून, जाड कागदावर चिकटवून त्याने मोठा संग्रह केला. तीच त्याची शाळा. १८८२ च्या ऑगस्टमध्ये त्याने वादळी हवेत स्खेवेनिंगेनच्या वाळूवर बसून समुद्र रंगवला. त्या चित्राच्या रंगात उडून चिकटलेले वाळूचे कण आजही आहेत. (हेच चित्र २००२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेले होते आणि २०१६ मध्ये इटलीत सापडले.)

१८८५ मध्ये त्याने 'बटाटे खाणारे' हे चित्र काढले. दिव्याखाली एका ताटाभोवती बसलेले शेतकरी कुटुंब. ग्लासगोच्या संग्रहालयात इस्राएल्स यांचे १८७६ चे 'साधे जेवण' हे चित्र आहे. त्यातही गरिबाघरचे ताट आणि त्याभोवती माणसे. दोन्ही शेजारी ठेवली की व्हिन्सेंटने कुठून घेतले आणि कुठे वेगळा झाला, दोन्ही दिसते. इस्राएल्स यांच्या घरात ऊब आहे, व्हिन्सेंटच्या घरात हाडे दिसतात.

आपल्या घरातली फ्रेम कशी ओळखावी

आता कामाचे बोलू. जुने छापील चित्र हाती आले तर 'हे ओरिजिनल आहे का, किती पैसे येतील' हा पहिला प्रश्न असतो. बहुतेक वेळा उत्तर असे असते की ते मूळ तैलचित्र नाही आणि फार पैसेही येणार नाहीत. तरीही पुढच्या गोष्टी पाहाव्यात. एक साधे दहापट भिंग पुरते.

सगळीकडे सारख्या अंतरावर ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ते हाफटोन, म्हणजे आपले प्रेसवाले ज्याला ब्लॉक म्हणत तो. मासिकातून कापलेले किंवा कॅलेंडरचे चित्र असण्याचा संभव जास्त.

ठिपक्यांची ओळ दिसली नाही, अगदी बारीक अनियमित कण दिसले आणि चित्राभोवती कागदावर चौकोनी दाबाची खूण असली तर ते फोटोग्रॅव्हुर. ती खूण तांब्याच्या पत्र्याची कड असते. बोटाने नव्हे, तिरप्या उजेडात डोळ्यांनी पाहावी.

मोकळ्या हाताने काढल्यासारख्या रेघा दिसल्या आणि शाई कागदावर किंचित उभारलेली वाटली तर ते एचिंग असू शकते. समासात पेन्सिलीची सही असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

अनेक रंग, त्यावर वार्निशची चमक आणि कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव असेल तर तो ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून एकेक रंग छापून केलेले चित्र. हा प्रकार आपल्याला सांगायला नको. बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी राजा रविवर्म्याला सुचवले होते की आपली काही चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्यावेत. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती तिथूनच आल्या. युरोपात जे मच्छीमारांच्या चित्रांचे झाले तेच थोड्याच वर्षांत आपल्याकडे देवादिकांच्या चित्रांचे झाले.

खालच्या समासातली बारीक अक्षरेही वाचावीत. डावीकडच्या नावापुढे 'पिंक्सिट' असेल तर ते नाव रंगवणाऱ्याचे. उजवीकडे 'स्कल्प्सिट' असेल तर ते कोरणाऱ्याचे. हे लॅटिन शब्द अनेकदा तीन-चार अक्षरांत आटोपलेले असतात. आणखी एक गंमत म्हणजे हाताने कोरलेल्या पत्र्यावरून छापताना डावे-उजवे उलटते. कोरणाऱ्याने आधीच उलटे रेखाटले नसेल तर छापातली माणसे मूळ चित्राच्या विरुद्ध दिशेने चालतात. त्यामुळे दिशा वेगळी दिसली म्हणून चित्र खोटे ठरत नाही.

जपणुकीबद्दल थोडेच सांगतो. उन्हाच्या आणि ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये. फाटले तर सेलोटेप लावू नये, तिचा डिंक कागद पिवळा करतो. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यावे, काचेवर शिंपडू नये. पाठचा पुठ्ठा बदलायचा झाला तर त्यावरची दुकानाची चिठ्ठी, तारीख, नाव जे असेल त्याचा आधी फोटो काढावा. अनेकदा चित्राचा सगळा इतिहास त्या चिठ्ठीतच असतो.

छापात काय हरवते

प्रतिकृती कितीही चांगली असली तरी दोन गोष्टी तिच्यात येत नाहीत. एक म्हणजे आकार. अडीच मीटर रुंद चित्रासमोर उभे राहिले की ती माणसे जवळजवळ आपल्याएवढी होतात. आपण अंत्ययात्रेच्या वाटेच्या कडेला उभे आहोत असे वाटते. वीतभर छापात तीच माणसे दूर जातात आणि गोष्ट तेवढी उरते. दुसरी म्हणजे रंगाचे अंग. इस्राएल्स रंग जाड लावत, खरवडत, पुन्हा लावत. राखाडीत किती निळे आणि किती तपकिरी आहे ते प्रत्यक्षच पाहावे लागते.

लंडन किंवा अॅमस्टरडॅमला जाणे सगळ्यांना जमणार नाही. पण तैलरंगाचे अंग म्हणजे काय हे पाहायला वडोदरेकरांना सयाजीबागेपर्यंत जाणे पुरे. सयाजीराव महाराजांनी युरोपीय चित्रांचा संग्रह मुद्दाम जाणकारांकडून निवडून घेतला. त्यासाठी बांधलेले चित्रदालन १९२१ मध्ये खुले झाले. घरातले एखादे छापील चित्र नीट पाहून जावे, मग तिथल्या एखाद्या तैलचित्राकडे आधी दुरून आणि मग बाजूने पाहावे. मुलांना बरोबर न्यावे. फरक सांगावा लागत नाही.

आणि घरबसल्या पाहायचे तर राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातली चित्रे मोठ्या आकारात इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. 'समुद्राची मुले' तिथे सापडेल. चित्रकाराच्या निधनाला शंभराहून अधिक वर्षे झाल्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही. उतरवून घ्यावे, हवे तर छापून घ्यावे. दीडशे वर्षांपूर्वी ज्यासाठी तांब्याचा पत्रा, आम्ल आणि महिन्याची कमाई लागे ते आता गल्लीतल्या डिजिटल छपाईवाल्याकडे होते.

काकूंची फ्रेम मी कसर झाडून, नवा पुठ्ठा लावून त्यांना परत दिली. ते येशू नाहीत, एक बुडालेला मच्छीमार आहे आणि पुढे चाललेली ती बाई बहुधा त्याची बायको आहे, हे सांगितले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मामंजी रोज ज्याच्यापुढे उभे राहायचे तो कुणाच्या तरी घरचा माणूस होता." फ्रेम आता त्यांच्या फ्लॅटच्या बैठकीत आहे. मागच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या नातवाने चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, मूळ चित्र कुठे आहे ते आणि पणजोबांचे नाव असे चार ओळींत लिहून ठेवले आहे.

सभासदांना एवढीच विनंती आहे. माळा रिकामा करताना जुनी फ्रेम निघाली तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती उलटी करून पाहा आणि जे कळेल ते पाठीमागे लिहून ठेवा. काही कळले नाही तर वाचनालयात घेऊन या. भिंग तिथेच टेबलाच्या खणात ठेवले आहे.